काठोकाठ दूधवाले आणि बरणीतली बोटभर जागा

भिंतीला भिंत लागून राहिलो, तरी त्यांना मी नीट ओळखत होतो असं म्हणायला जीभ रेटत नाही. ते मूळचे कुठले, भावंडं किती, तरुणपणी खरंच कुस्ती खेळायचे की नुसतेच तसे दिसायचे, यातलं मला काहीच ठाऊक नाही. विचारायचं राहून गेलं असंही नाही. विचारण्याचा माझा स्वभावच नाही. मी छापखान्यात खिळे जुळवण्यात आयुष्य काढलं. दुसऱ्यांनी लिहिलेलं उलटं वाचायची सवय लागली, स्वतःचं सुलटं लिहायची कधी लागली नाही. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही इतकी वर्षं शेजारी होता, बाबांबद्दल चार ओळी लिहून ठेवा ना," म्हणून बसलो आहे. पाहिलं तेवढंच लिहितो. चुकलं तर सूनबाई दुरुस्त करतील. त्यांना तोंडावर सांगायला आवडतं.

गल्लीत त्यांना सगळे 'काठोकाठ' म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि त्यांना ते नाव पदकासारखं वाटे. धंदा दूध घालण्याचा. सायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन, आणि हातात लांब दांड्याचं माप. माप काठोकाठ भरायचं, भांड्यात ओतायचं, मग पुन्हा कॅनमध्ये बुडवून वर आणखी थोडी धार सोडायची. ही धार हिशेबात नसे. कुणी म्हणालं, "अहो पुरे, सांडेल," तर म्हणत, "सांडलं तर मांजर पिईल. कमी पडलं तर माझं नाव जाईल." माझी बायको म्हणायची, या माणसाचं दूध उकळी यायच्या आधीच उतू जातं.

घरातही तीच तऱ्हा. त्यांच्याकडे चहाचा कप असा भरलेला येई की उचलायची सोय नसे. वाकून, ओठ कपापर्यंत नेऊन पहिला भुरका बसल्या जागी मारायचा, मगच कपाला हात लावायचा. मला लोकांच्या घरी असं वाकायचा संकोच वाटे. ते समोर बसून निवांत बघत.

"प्या, छापखाना, प्या. मान मोडत नाही."

मला ते छापखानाच म्हणत. छापखाना बंद पडल्यावरही.

मग पिशवीतलं दूध आलं. त्यांना कुणी तोंडावर 'नको' म्हटलं नाही, फक्त एकेका दारात भांडं ठेवायचं बंद झालं. एक दिवस त्यांनी सायकल भिंतीला लावली आणि कॅन खिळ्याला टांगला. पण पहाटेची जाग काही खिळ्याला टांगता येईना. कोंबडं आरवायच्या आधी हा माणूस उठून बसे आणि करायला काही नसे. बायको आधीच गेलेली, मुलगा ट्रक घेऊन लांब लांबच्या फेऱ्यांवर. शेवटी त्यांनी परसात कुदळ मारली.

भाजीपालाही त्यांनी दुधासारखाच पिकवला, म्हणजे लागेल त्यापेक्षा बराच जास्त. काकड्या, गाजरं, फरसबी, टोमॅटो, बीट. शेवगा लावायचा बेत सूनबाईंनी मोडून काढला, नाही तर गल्लीत चालायला वाट उरली नसती. सकाळी दार उघडलं की कडीला पिशवी लटकलेली. पहिल्या वर्षी लोक आभार मानत. दुसऱ्या वर्षी त्यांची चाहूल लागली की लोक दार हलकेच लावून घेत. मी स्वतः एकदा काकड्यांची पिशवी घेऊन माझ्या बहिणीकडे गेलो, तर तिच्या दाराला तशीच पिशवी!

सूनबाई तेव्हा शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवत होत्या. कारखाना बंद झाला. दुसऱ्या शहरात एका पॅकिंगच्या कारखान्यात काम मिळत होतं, पण तिथेच राहावं लागणार होतं. मुलगा महिन्यातून एखाद-दोनदा येणारा. सूनबाई गेल्या की घरात उरणार सासरे, खिळ्यावरचा कॅन आणि टोपलीभर काकड्या. हे दोघांनाही कळत होतं. बोलत मात्र दोघंही नव्हती.

मग एकदा ओसरीवर टोमॅटो मऊ पडलेले बघून सूनबाई म्हणाल्या, "बाबा, हे सगळं सडतंय. बरण्यांत भरून बघते."

त्यांच्या मावशीने एका मोठ्या खाणावळीत हे काम केलं होतं. काचेच्या बरण्या उकळत्या पाण्यातून काढायच्या. भाजी चिरून आत रचायची. व्हिनेगर, पाणी, मीठ, थोडी साखर, मोहरी आणि मिरे असं उकळून गरमागरम वरून ओतायचं. झाकण लावून बरणी पुन्हा मोठ्या पातेल्यात, तळाशी फडकं घालून, पाण्यात बुडवून उकळायची. बाहेर काढून गार होऊ दिली की झाकणाचा मधला भाग आत ओढला जातो आणि 'टक' असा आवाज येतो. झाकण असं आत बसलं की बरणी महिनोन्‌महिने टिकते.

घरापुरत्या केलेल्या बरण्या सूनबाईंनी एकटीनेच केल्या. सासरे तेव्हा तापाने पडून होते. त्या बरण्या झकास झाल्या. मला एक मिळाली. काकडी दाताखाली कुर्रकन वाजत होती. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या मालकीणबाईंनीही चव घेतली आणि म्हणाल्या, "आण एक खोकं. फळीवर ठेवून बघू."

सूनबाईंनी पॅकिंगच्या कारखान्याला कळवलं की थंडी संपली की सांगते. बरण्या चालल्या तर इथेच राहायचं, नाही तर सामान बांधायचं, असा सरळ हिशेब होता.

आता सासरेबुवा बरे झाले होते आणि मदतीला उभे होते. सूनबाई भरत, ते झाकणं लावत. दूधवाल्याचं मनगट; झाकण असं फिरवत की मला तरी ते उघडलं नसतं. दुकानात खोकं पोचलं. बरण्या फळीवर लाल, केशरी, हिरव्या अशा रांगेने लागल्या आणि काठोकाठ दिवसातून तीनदा काही ना काही निमित्ताने दुकानासमोरून जाऊ लागले.

पंधरवडाही झाला नसेल, दुकानातला पोऱ्या खोकं परत घेऊन आला. मागोमाग बाई स्वतः.

"अगं, तुझ्या काकड्या फळीवरून खाली चालत आल्यात. साबणाच्या वड्यांना व्हिनेगर लागलंय. एका बरणीचं झाकण उघडलं तर फेस! कुणाच्या पोटात गेलं असतं म्हणजे?"

सूनबाईंचा चेहरा पडला. सासरे म्हणाले, "झाकणं तर मी स्वतः आवळली होती."

"मग तुमचा हातगुण," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

सूनबाईंनी सगळ्या बरण्या ओतून टाकल्या. मग मीठ बदललं, झाकणं नवी आणली, व्हिनेगर दुसऱ्या दुकानातून आणलं. म्हणाल्या, "आणखी एकदा करते. नाही जमलं तर माझं काम कॉलर शिवायचंच." हे सासऱ्यांसमोर म्हणाल्या. ते उठले. परसात जाऊन फरसबीचे वेल उगीच बांधत बसले, बांधलेलेच.

त्या दुसऱ्या वेळी मी तिथे होतो. सूनबाईंनी मला चिठ्ठ्या लिहायला बोलावलं होतं, कारण माझं अक्षर बरं आहे. मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून 'गाजर', 'काकडी', 'बीट' लिहीत होतो. पातेल्यात पाणी खदखदत होतं, खिडक्या वाफेने पांढऱ्या झाल्या होत्या. सूनबाईंनी बरण्यांची एक ओळ भरली आणि मोहरी संपली म्हणून आतल्या खोलीत डबा शोधायला गेल्या. तेवढ्यात सासऱ्यांनी खिडकीमागून आपलं जुनं लांब दांड्याचं माप काढलं, व्हिनेगरच्या गरम पाण्यात बुडवलं आणि प्रत्येक बरणीत वरून धार सोडली. अगदी काठापर्यंत. थेंब सांडला नाही. मग एकेक झाकण लावू लागले. मला वाटलं, ही पद्धतच असेल. एवढ्या दिवसांनी ते माप चाललेलं बघून बरं वाटलं. सूनबाई परत आल्या तसा मी कधी नव्हे ते आपण होऊन बोललो.

"बाबांचा हात अजून तसाच आहे हो. मापातून एक थेंब इकडेतिकडे नाही."

"कसलं माप?" सूनबाई म्हणाल्या.

सासरे झाकण फिरवत राहिले.

"बाबा, कसलं माप?"

"अगं, थोडं वर घालतो. तू बोटभर कमी भरतेस. घाईत राहत असेल, म्हणून मी आपलं पुरं करतो."

"मागच्या वेळीही केलंत?"

"सगळ्यांत केलं. एकही सोडली नाही," ते म्हणाले, आणि आवाजात थोडा अभिमानही होता.

सूनबाईंनी मोहरीचा डबा खाली ठेवला. "अहो, उकळताना पातेल्यातल्या पाण्याला व्हिनेगरचा वास येत होता, तेव्हाच मला कळायला हवं होतं. बाहेर काढेपर्यंत पातळी उतरलेली असायची, म्हणून दिसलं नाही. मी दिवसरात्र डोकं फोडतेय की माझं काय चुकलं. आणि तुम्ही माझ्या पाठीमागे उभे राहून..."

"पाठीमागे कुठे? शेजारीच तर होतो."

"गप्प बसा जरा!"

त्यांना कुणी असं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी 'बीट' शब्दात तोंड घातलं.

"ती जागा मी मुद्दाम सोडते," सूनबाई म्हणाल्या. "आतलं उकळलं की फुगतं. वर जागा नसली की झाकणाखालून बाहेर येतं. येताना मोहरीचा दाणा काठावर अडकतो, मग झाकण बसत नाही आणि हवा शिरते. दूध उतू जातं ना, तसंच आहे हे."

"दूध उतू गेलं म्हणून उरलेलं नासत नाही."

"बरणीतलं नासतं!"

"मग रिकामी जागा विकायची लोकांना? लोक म्हणतील, दूध गेलं आणि म्हातारा लबाड झाला. माझ्या हातून आयुष्यात कुणाच्या भांड्यात कमी गेलं नाही."

"आणि आता काय म्हणतायत? दुकानभर वास घेत फिरतायत तुमच्या नावाचा!"

पातेलं तेवढं बोलत होतं. मग सूनबाईंनी झाकणं काढून बाकीच्या बरण्यांतलं जास्तीचं काढून टाकलं, प्रत्येकीचा काठ कपड्याने पुसला, आणि एक मात्र त्यांच्या मापाने भरलेली तशीच ठेवली. सगळ्या उकळल्या. बाहेर काढून टेबलावर टॉवेल पसरून मांडल्या. सासरे खुर्ची ओढून समोर बसले, जणू परीक्षेचा निकाल लागायचा होता. मला घरी जायचं होतं, पण उठायचं कसं ते कळेना.

पहिलं झाकण वाजलं. टक. मग दुसरं. मग दोन एकदम. त्यांची बरणी गप्प होती. काठाखाली ओघळ आला होता. ती पुरती गार झाल्यावर त्यांनी अंगठ्याने झाकण दाबलं. ते आत गेलं आणि पुन्हा वर आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा वर. बेडकाच्या गळ्यासारखं.

"हट्टी आहे," ते म्हणाले.

"कुणावर गेलंय," सूनबाई म्हणाल्या.

ते हसले नाहीत. उठून परसात गेले. मीही त्यांच्या मागून सटकलो. सूनबाईंनी कपाटावरची मोठी बॅग खाली काढून पुसून ठेवली होती, हे जाता जाता मला दिसलं; त्यांनाही दिसलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भिंतीवरून हाक मारली. "छापखाना, या. साक्षीदार हवाय."

गेलो तर टेबलावर काकड्या आणि गाजरं, आणि हे सुरी घेऊन बसलेले. प्रत्येक काकडी बरणीच्या उंचीला बोटभर कमी अशी कापलेली. त्या फोडी उभ्या रचलेल्या, एकीला एक चिकटून, आणि मधल्या फटींत गाजराच्या काड्या सरकवलेल्या. काचेतून हिरवं-केशरी विणकाम दिसत होतं. सूनबाई हाताची घडी घालून दारात उभ्या.

"आता हिच्यात कुणीही आणखी एक फोड घालून दाखवावी," ते म्हणाले. "वर जागा सोडतो मी. पण भाजीचं माप पुरं. पाण्याची धार देण्यात काय मोठेपणा आहे?"

सूनबाईंनी बरणी उचलून फिरवून पाहिली. "इतकी घट्टही नको. मधून पाणी फिरायला वाट हवी." आणि त्यांनी दोन-तीन फोडी ओढून काढल्या. सासऱ्यांनी त्या फोडींकडे असं पाहिलं, जसं कुणी त्यांच्या ताटातलं उचललं.

"बाबा, हे आधीच का नाही सुचलं?"

"आधी कुणी ओरडलं नव्हतं."

सूनबाईंना हसू आलं. बॅग मात्र तिथेच होती. दुकान अजून राहिलं होतं.

चिठ्ठीचा प्रश्न आला. त्यांचं म्हणणं, बरणीवर ठळक लिहायचं, 'ही रिकामी जागा म्हणजे चोरी नाही.' सूनबाई म्हणाल्या, "असं लिहिलंत तर ज्याच्या मनात नाही त्यालाही चोरी आठवेल." मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी ते काम घरी नेलं. बरीच खाडाखोड केली, आणि शेवटी लिहिलं: 'वरची बोटभर जागा मुद्दाम सोडली आहे. भाजी पुरेपूर आहे.' त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं. म्हणाले, "पुरेपूर हा शब्द चांगला आहे. जरा मोठा काढा."

दुकानात ते स्वतः गेले. मला बरोबर नेलं, का ते माहीत नाही. मी तिथे बोलणार नव्हतो हे त्यांनाही ठाऊक होतं. बाईंनी त्यांना बघून आधी साबणाच्या वड्या बाजूला केल्या.

"काठोकाठ, परत आणलंत?"

त्यांनी बरणी उलटी करून बाईंच्या काउंटरवर, कागदाच्या गठ्ठ्यावर धरली. धरूनच ठेवली. बाई कागदाकडे बघत राहिल्या.

"चूक माझी होती," ते म्हणाले. "पोरीची नाही. मी वरून भरत होतो."

"तुम्ही आणि वरून भरणार नाही, असं कधी होईल?" बाई म्हणाल्या, पण त्यांनी बरणी हातात घेतली. "खालची फळी देते. थंडी संपेपर्यंत. एकही गळली तर सगळ्या घरी."

खालची फळी म्हणजे झाडूंच्या शेजारची. काठोकाठ रोज सकाळी तिथे जाऊन उभे राहू लागले. कुणी बरणी उचलली की हे पुढे. "ती जागा बघून घाबरू नका, वाचा, वाचा, लिहिलंय." आणि वाचून झालं की खिशातून मातीचा वास असलेलं ताजं गाजर काढून बरणीवर ठेवत. हिशेबाबाहेरचं.

"माझं गिऱ्हाईक बरणीसाठी येतंय की तुमच्या गाजरासाठी?" बाई विचारत.

"पहिल्यांदा गाजरासाठी येतं. दुसऱ्यांदा बरणीसाठी येतं."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा स्वतःची पिशवी घेऊन येतं."

तसं झालंही. झाडू विकत घ्यायला आलेला माणूस बीट घेऊन जाऊ लागला. सूनबाई घरी नवीन घाणा लावत, झाकणं वाजली की नाही ते एकेक दाबून बघत, आणि सासरे खुर्चीत बसून काकड्या उंचीला कापत. लांब दांड्याचं माप त्यांनी सूनबाईंच्या हातात दिलं होतं. त्याने त्या व्हिनेगर ओतत आणि बोटभर आधी थांबत. थांबण्याच्या क्षणी ते दुसरीकडे बघत. एवढी सवय त्यांना शेवटपर्यंत झाली नाही.

ऊन तापायला लागलं तेव्हा बाईंनी एका दुपारी फळीवरच्या सगळ्या बरण्या काउंटरवर घेतल्या. एकेकीच्या झाकणावरून अंगठा फिरवला. काठोकाठ, सूनबाई आणि मी समोर उभे होतो. एकही झाकण हललं नाही. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पोऱ्याला सांगितलं, "त्या मधल्या फळीवरचे बिस्किटाचे डबे काढ. डोळ्यांसमोर दिसायला हवं."

सूनबाईंनी तिथूनच, दुकानातूनच, पॅकिंगच्या कारखान्याला फोन केला. म्हणाल्या, माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या. घरी परतताना सासरे त्यांच्या चार पावलं पुढे चालत होते आणि कुणी भेटलं की उगीचच म्हणत होते, "मधली फळी. मधली!" बॅग कपाटावर गेली. पुढे तिच्यात झाकणं ठेवायला लागले.

आता त्या घरात शर्टांच्या कारखान्यातल्या आणखी दोघी कामाला येतात. मुलाच्या ट्रकमधून बरण्या दुसऱ्या शहरांतही जातात. चिठ्ठी आता छापून येते. 'पुरेपूर' अजून जरा मोठा आहे.

ते गेले त्याआधी काही आजारीबिजारी नव्हते. थोडे हळू चालायचे, एवढंच. आदल्या संध्याकाळी मी फाटकाशी उभा होतो, ते सायकल हातात धरून, मागे रिकामं खोकं बांधून येत होते. माझ्यापाशी थांबले.

"छापखाना, आमच्या रिकाम्या बरण्या किती अडकल्यात तुमच्याकडे?"

"असतील पाच-सहा."

"काढून ठेवा मग. टोमॅटो उतरायला आलेत, सूनबाईला लागणार आहेत."

"धुऊन ठेवू?"

"तुम्ही नका धुऊ. तुम्ही आत साबण ठेवता. नुसत्या काढून ठेवा, मी सकाळी येऊन नेतो."

"बरं," मी म्हणालो.